ऑफिसं बीकेसी आणि ऐरोलीला, सासू-सासरे सांगलीहून येणार: मुंबईजवळ घर कुठे घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेले काही महिने घरात दुसरा विषय नाही, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

आम्ही सध्या विक्रोळीला भाड्याने राहतो. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, माझं ऐरोलीला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. सासू-सासरे सांगलीचं घर बंद करून कायमचे आमच्याकडे येणार आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना नको. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली सगळं धरून ८५ लाखांच्या वर जाता येणार नाही, आणि त्यातलंही बरंचसं कर्जच असेल.

आतापर्यंत पाहिलेली घरं अशी: डोंबिवली पश्चिमेला रीसेलचा टू बीएचके, शिळफाट्याजवळ नव्या टॉवरमध्ये टू बीएचके, बदलापूरला त्याहून मोठं आणि तरी स्वस्त घर, आणि नेरूळला जुना वन बीएचके. घोडबंदर रोड बजेटच्या अगदी काठावर आहे. वसईला मावशी राहतात, त्या "इकडेच या" म्हणून मागे लागल्यात.

एजंट प्रत्येक जागेला "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणतो आणि "मेट्रो येतेच आहे" असं पुढे जोडतो. मला तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचंय. पाणी, गाडी, शाळा, वयस्कर माणसांना डॉक्टर. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघून यातलं काहीच कळत नाही.

फडकेरोड

ताई, डोंबिवली. मी इथेच वाढलो, त्यामुळे थोडा पक्षपात धरूनच वाचा.

सांगलीहून येणाऱ्या माणसांना पहिल्या दिवसापासून आपलं वाटेल असं उपनगर यापेक्षा दुसरं मला माहीत नाही. भाजीवाली, डॉक्टर, बँकेतला कारकून, सगळ्यांशी मराठीत बोलता येतं. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली इथूनच सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, वाचनालयं आहेत, पहाटेचे फिरायला जाणाऱ्यांचे कट्टे आहेत. वयस्कर माणसाला पंधरा दिवसांत ओळखी होतात. चालत जाण्याच्या अंतरात एमडी डॉक्टर, पॅथॉलॉजी, औषधांची दुकानं, सगळं मिळतं.

आता सावधगिरीच्या गोष्टी. पूर्वेचा एमआयडीसी निवासी भाग दिसायला छान, रस्ते रुंद, झाडं भरपूर. पण शेजारी रासायनिक कारखाने आहेत. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये तिथे मोठे स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तुम्ही पश्चिमेला बघताय ते बरं आहे. फक्त स्टेशनपासून पायी अंतर स्वतः मोजा. संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागलं तर एजंटच्या दहा मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

खाडीपूल

फडकेरोड, शहराबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. पण ताईंनी दोन ऑफिसं सांगितली आहेत, तेव्हा गाडीबद्दल नीट बोलायला हवं.

कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याला, मुंबईपासून साधारण १२० किलोमीटर. दुसरा कर्जतला, साधारण १०० किलोमीटर. आसनगाव, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, ही सगळी गावं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भरली, आणि दोन्ही फाट्यांच्या गाड्या कल्याणला एकत्र येऊन त्याच रुळांवरून ठाण्याकडे जातात. म्हणजे सकाळची कसारा किंवा कर्जत फास्ट डोंबिवलीला येते ती भरूनच. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यांच्यावरच तिथल्या लोकांची भिस्त असते. त्या गाठायच्या तर घड्याळ त्यांच्या वेळेला बांधावं लागतं.

ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, त्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांचा अडथळा काही प्रमाणात कमी झाला. गर्दी मात्र हटली नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि रुळांवर पडले. त्यात माणसं दगावली. ती हौसेने दारात उभी नव्हती, आत जागाच नव्हती. मी त्याच पट्ट्यातून रोज जातो आणि अजून त्या वळणाला पाय घट्ट रोवतो.

घर ठरवण्याआधी एवढं करा. मंगळवारी किंवा बुधवारी, तुमच्या रोजच्या वेळेला, ऑफिसची बॅग आणि डबा घेऊन त्या फलाटावर जा आणि गाडीत चढून दाखवा. सोमवार नको, शुक्रवार नको, सुट्टीच्या आठवड्यात तर नकोच. तुम्ही लेडीज डब्यात, साहेब जेन्ट्समध्ये. परत येतानाही तसंच. मग फ्लॅटच्या टाइल्सबद्दल बोलू.

कृष्णाकाठ

खाडीपूल, हे नक्की करतो. मला साडेनऊला ऐरोलीत हजर राहायचं असतं, नवऱ्याला दहाला बीकेसीत. संध्याकाळी माझी सुटका सहाला, त्याची कधी आठही वाजतात.

आगाशी

तुमच्या मावशींची वकिली मला करायची खूप इच्छा आहे, कारण वसई खरंच राहण्यासारखी आहे. पश्चिमेला, स्टेशनपासून आत गेलात की वाड्या, विहिरी, केळी, चर्च, देवळं, किल्ला. हवा वेगळी. पण तुमच्यासाठी नाही म्हणते. चर्चगेट ते विरार ही ६० किलोमीटरची लाइन अंधेरी, गोरेगाव, मालाड, फार तर लोअर परळच्या लोकांसाठी. ऐरोलीला जायचं तर दादरला उतरून मध्य रेल्वे, मग ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईत जाणारी लोकल. दोन बदल, दोन्ही गर्दीचे. वसई-दिवा-पनवेल मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यांच्या भरवशावर नोकरी करता येत नाही.

आणि आमच्या बाजूला कुणीही स्वस्त घर दाखवलं तर आधी कागद बघा. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ अखेर ते २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. यातल्या बऱ्याच जणांनी पैसे भरून, विश्वासाने घर घेतलं होतं. सामान टेम्पोत भरणारी ती माणसं मी पाहिली आहेत. एका बाईने देव्हारा मांडीवर धरला होता आणि कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं.

दस्तऐवज

आगाशी यांनी विषय काढलाच आहे तर मीही लिहितो. माझं काम मालमत्तेच्या कागदपत्रांचं आहे.

कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण झालं. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. लोक म्हणत होते, "रेरा नंबर होता, बँकेने कर्जही दिलं." दोन्ही खरं होतं. म्हणून रेरा नंबर दिसला की समाधान मानू नका. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का ते लेखी विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी चालतो.

रीसेल घेताना मी माणसांकडून आग्रहाने मागवतो ते असं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, संपूर्ण इमारतीचं. "पार्ट ओसी" असेल तर तुमचा मजला त्यात येतो का ते पाहा. आतापर्यंतच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, मूळ प्रती. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करता येतो, तरी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढाच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण. हे नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी गाडं अडतं.

आणि घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८५ लाखांच्या व्यवहारात ही रक्कम लहान नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही.

उल्हासतीर

मी बदलापूरचा. आमच्याकडे या असं म्हणायला मला आवडलं असतं. पावसाळ्यात समोर डोंगर हिरवेगार होतात, रात्री पंखा बंद करावा लागतो, त्याच पैशात एक खोली जास्त मिळते. ज्यांची नोकरी अंबरनाथ-कल्याणला आहे किंवा ज्यांना रोज गाडी पकडायची नाही, त्यांनी डोळे मिटून यावं.

तुम्हा दोघांना मात्र रोजचा प्रवास झेपणार नाही. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका व्हायची आहे. ती होईपर्यंत एक गाडी रद्द झाली की पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं असतात.

दुसरी गोष्ट नदीची. उल्हास नदीच्या काठावर नव्या इमारती "रिव्हर व्ह्यू" म्हणून विकतात. पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारभर माणसांना बोटींनी काढलं. ती तुमच्या सांगलीकडे जाणारीच गाडी. सासऱ्यांना विचारा, त्यानंतर पंधरवड्याच्या आत कृष्णेनेही सांगलीत काय केलं ते. पुराचं त्यांना वेगळं सांगायला नको.

निळजे

शिळफाट्याच्या टॉवरबद्दल मी लिहिते. मी याच पट्ट्यातल्या एका मोठ्या टाउनशिपमध्ये राहते.

चांगलं आधी सांगते. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, मुलांना खेळायला गाड्यांपासून सुरक्षित मोकळी जागा आहे, शाळा आवारातच किंवा जवळ. सासऱ्यांना बाकावर बसायला सोबत मिळेल. ऐरोलीला रोज कंपनीच्या बसने जाणारे शेजारी आहेत, त्यांचं बरं चाललंय.

आता दुसरी बाजू. शिळफाट्याला कोंडी झाली की सगळं तिथेच थांबतं. जेएनपीटीचे कंटेनर, भिवंडीचे ट्रक, कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या, सगळ्यांचा एकच चौक. ऐरोली-काटई रस्ता पारसिक डोंगरातल्या बोगद्यातून पुढे पूर्ण जोडला गेला की फरक पडेल, असं आम्ही सगळे धरून चाललो आहोत. कल्याण-तळोजा मेट्रोचं कामही दिसतं. पण ईएमआय आजपासून सुरू होतो. "येणार" असलेल्या रस्त्यासाठी आज जास्त भाव देऊ नका. तुमच्या नवऱ्याला बीकेसीला पोचायला आधी डोंबिवली किंवा दिवा गाठावं लागेल, आणि तिथून पुढे खाडीपूल यांनी लिहिलेलं सगळं आहेच.

एक युक्ती सांगते. कुठल्याही सोसायटीत घर बघताना मेंटेनन्स किती ते विचारू नका, मे महिन्याचा जमाखर्च दाखवा म्हणा. त्यात टँकरची ओळ असते. जानेवारीत जिथे ती शून्य असते आणि मे महिन्यात अचानक मोठी होते, तिथलं पाणी कसं आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. सेक्रेटरीने दाखवायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच.

गायमुख

घोडबंदरबद्दल थोडक्यात. घरं छान, डोंगर जवळ. घोडबंदर रस्ता मात्र गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला की थांबतो. मेट्रो ४ चं काम डोळ्यांसमोर पुढे सरकतंय, पण ती सुरू होऊन स्थिरावेपर्यंत ठाणे स्टेशन गाठणं हाच अर्धा प्रवास. बजेट ताणून येऊ नका.

लेडीजसेकंड

सगळे किलोमीटर आणि चौरस फूट सांगताहेत. मी कल्याणहून रोज जाणारी बाई म्हणून लिहिते.

ताई, घर लांब घेतलं की त्याची किंमत घरात बहुतेक वेळा एकच माणूस मोजतं. सकाळचा डबा, मुलीची वेणी, सासऱ्यांची गोळी, हे सगळं गाडीच्या वेळेआधी उरकायचं असतं. गाडी ७:४० ची असेल तर घर पाचला जागं होतं. संध्याकाळी गाड्या विस्कळीत झाल्या की पहिला फोन शाळेतून किंवा पाळणाघरातून आईलाच येतो. आमच्या डब्यात मी वर्षानुवर्षं पाहते आहे: बायका मांडीवर भाजी निवडतात, मेथी, गवार, मटार, आणि कर्जतला उतरणारीचं सोलून झालं नाही तर शेजारची तिचं सोलून देते. लोक त्याचे फोटो काढून कौतुक करतात. मला ते बघवत नाही. ती भाजी घरी, लेकरापाशी बसून निवडायला मिळायला हवी होती.

म्हणून मी एकच विचारेन. संध्याकाळी सहाला तुम्ही ऐरोलीतून निघालात, तर मुलीला किती वाजता भेटाल? डोंबिवलीला तुम्हाला आधी ठाण्याला यायचंय, तिथे कर्जत-कसारा गाडीत घुसायचंय. ठाण्याला लेडीज डब्यात चढणं संध्याकाळी काय असतं ते एकदा बघा. तुमचं ऑफिस ट्रान्सहार्बरवर आहे, हे तुमचं नशीब आहे. ते सोडू नका.

सेक्टरवीस

लेडीजसेकंड यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि आता नवी मुंबईबद्दल कुणीतरी लिहायला हवंच होतं.

तुमच्या दोघांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तो पट्टा म्हणजे ऐरोली ते नेरूळ. ठाण्याहून येणारी ट्रान्सहार्बर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत एक शाखा सानपाडा-वाशीला जाते, दुसरी जुईनगर-नेरूळ-पनवेलला. हार्बर लाइन पनवेलहून नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी करत कुर्ल्याला. तुम्ही एका दिशेला, साहेब दुसऱ्या. नेरूळहून कुर्ला पाऊण तासाच्या आत, तिथून पश्चिमेला बाहेर पडून बीकेसीची बस किंवा शेअर रिक्षा. हार्बरलाही गर्दी असते, उगाच नंदनवन सांगत नाही. पण मुंब्र्याच्या वळणासारखी परिस्थिती नसते.

पाण्याचं सांगतो. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे या जुन्या वसाहतींमध्ये पाण्याची ओरड कमी. खारघर, तळोजा, उलव्याकडे गेलात की चित्र वेगळं. तिथे उन्हाळ्यात टँकर येतात आणि तळोजा एमआयडीसीचा वास रात्री जाणवतो अशा तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यापासून तिकडचे भावही एजंट लोक विमानासारखेच वर नेताहेत. अटल सेतू जवळ हे खरं, पण कारने रोज एका बाजूचे २५० रुपये देऊन नोकरीला कोण जातं?

सासू-सासऱ्यांसाठी आणखी एक. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या एसट्या आणि ट्रॅव्हल्स सायन-पनवेल रस्त्यानेच येतात. नेरूळच्या एलपी स्टॉपला उतरलं की घर. गावचं लग्न, जत्रा, शेताचा कागद, काहीही असो, त्यांना दादर-कल्याण करत बसावं लागणार नाही.

फडकेरोड

सेक्टरवीस, सगळं पटतंय, पण ताईंना तिथे वन बीएचके मिळतोय. पाच माणसं, त्यात दोन वयस्कर, एक शाळेत जाणारी मुलगी. रात्री हॉलमध्ये गाद्या घालायच्या, सकाळी उचलायच्या. सासऱ्यांना दुपारी आडवं व्हायचं असेल आणि मुलीच्या मैत्रिणी आल्या असतील, तर त्यांनी जायचं कुठे? सांगलीत त्यांचं स्वतःचं अंगण असेल. घर आणि अंगण दोन्ही सोडून येणाऱ्या माणसाला दार लावता येईल अशी एक खोली मिळालीच पाहिजे. प्रवासाचे त्रास मोजता तसे हेही मोजा.

लेडीजसेकंड

हे मात्र खरं आहे. मी त्यांच्या खोलीचा विचार केला नव्हता असं नाही, पण तुम्ही नीट मांडलंत.

पारगाव

मग कोपरखैरणे बघा ना. नेरूळपेक्षा भाव कमी पडतात. आमच्याकडे माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. तुर्भ्याच्या बाजारात कामाला आलेली सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतली माणसं. बोली ऐकूनच तुमच्या सासऱ्यांचा चेहरा खुलेल. ऐरोली तिसरं स्टेशन. बीकेसीवाल्यांना वाशीला गाडी बदलून कुर्ला. फिरायला निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी कचऱ्याचं मैदान होतं हे आता सांगून खरं वाटत नाही.

सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या जुन्या इमारतींत लहान टू बीएचके मिळतात. लिफ्ट नसते, म्हणून तळमजलाच शोधा. गळती बघा, विशेषतः संडास-बाथरूमच्या वरच्या स्लॅबला. आणि छोट्या भूखंडांवर मागाहून चढवलेले मजले अजिबात घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

दस्तऐवज

पारगाव यांचा शेवटचा मुद्दा ठळक करून ठेवा. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण याच पट्ट्यातलं. गावठाण आणि त्याच्या आसपासची "स्वस्त आणि रेडी पझेशन" घरं टाळा.

सिडकोच्या जुन्या घरांत सोसायटीऐवजी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असू शकते, गोंधळू नका. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, पाहायचं. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे आधीच ठरवा. विकणाऱ्याने बाल्कनी आत घेतली असेल, समोर शेड वाढवली असेल, तर त्या वाढीव जागेचे पैसे मोजू नका. करारातला चटई क्षेत्राचा आकडा तोच तुमचा.

तिसरागल्ला

पुण्यात हिंजवडीसाठी कुठे राहावं, वाकड की बाणेर?

खाडीपूल

तिसरागल्ला, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो. इथे ताईंचं होऊ द्या.

सेक्टरवीस

तळमजल्याबद्दल एक राहिलं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली भर घालून केलेला आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. गाळ साचला की हे काम मंदावतं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आले की कुठल्या सेक्टरमध्ये पाणी चढतं ते तिथला वाणी अचूक सांगतो. इस्त्रीवाल्यालाही विचारा, तो तळमजल्यावरच असतो. भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर ओलीची रेघ किंवा नवा रंग दिसला तर थांबा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आम्ही डोंबिवलीच्या फलाटावर बुधवारी सकाळी गेलो. नवरा चढला. मी पहिली गाडी सोडली, दुसरीत चढले, आणि ठाण्याला उतरायला मला बायकांनी अक्षरशः हाताने पुढे सरकवलं. "नवीन दिसतेस, दाराकडे आधीपासून सरक" असं एकीने सांगितलं. डब्यात माणुसकी भरपूर आहे, पण रोज दोन्ही वेळेला हे मला जमणार नाही, हे तिथेच कळलं. संध्याकाळचं ठाणे बघून तर नवराच म्हणाला, "इथून तुला रोज पाठवायचं नाही."

शिळफाट्याजवळच्या सोसायटीत मे महिन्याचा हिशेब मागितला. सेक्रेटरी भले माणूस होते, त्यांनी लगेच दाखवला. टँकरचा खर्च महिन्याच्या एकूण मेंटेनन्सच्या निम्म्याजवळ गेला होता. निळजेताई, तुमचे विशेष आभार.

फडकेरोड, तुमचं बोलणं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खोली लहान चालेल, पण दार पाहिजे." त्यामुळे नेरूळचा वन बीएचके बाद झाला.

काल कोपरखैरणेत तळमजल्यावरचा लहान टू बीएचके पाहिला. सिडकोची इमारत. दुसरी बेडरूम इतकी लहान की पलंग आणि कपाट ठेवलं की चालायला वाट उरते तेवढीच. पार्किंग नाही. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे. सासूबाई शेजारच्या आजींशी बोलल्या, त्या वाळव्याच्या निघाल्या. भिंती पाहिल्या, खाली ओल नाही, इस्त्रीवाला म्हणाला, "२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, आत नाही." बाथरूमच्या स्लॅबला एका कोपऱ्यात डाग आहे, ते काम करून घ्यावं लागेल. किंमत बजेटात बसते, सिडकोचं हस्तांतरण शुल्क विकणाऱ्याने भरायचं असं बोलणं झालंय. मालक शनिवारी टोकन मागतायत. देऊ का?

पारगाव

शेवग्याच्या शेंगा शेजाऱ्यांनाही मिळतील अशी आशा. या, स्वागत आहे.

दस्तऐवज

शनिवारी रोख काही देऊ नका. टोकन चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या. एक, बँकेच्या वकिलाने टायटल नाकारलं तर टोकन पूर्ण परत, किती दिवसांत ते तारखेसह. दोन, सिडकोचं शुल्क आणि असोसिएशनची थकबाकी विकणाऱ्याकडे. तीन, ज्या ज्या व्यक्तीचं नाव डीडमध्ये आहे त्या सगळ्यांच्या सह्या. मालकांच्या पत्नीचं किंवा भावाचं नाव त्यात असेल तर शनिवारी त्यांनाही बोलवा. वरच्या मजल्यावरच्यांना त्या बाथरूमच्या डागाबद्दल आत्ताच भेटा. दुरुस्तीला ते आत येऊ देतील का, हे टोकनच्या आधी कळलेलं बरं. डीडची प्रत आली की व्यक्तिगत निरोपात पाठवा, नावं आणि क्षेत्रफळ मी वाचून सांगतो. त्याचे पैसे नकोत.